नमुन्याचा हौद

गुरुजींवर सूड उगवायचा हे मी दुसरीत असताना ठरवलं होतं. संधी मिळायला पस्तीस वर्षं गेली, आणि ती मिळाली गुरुजींनी स्वतः काढलेल्या गावच्या ग्रुपवर.

आमचं गाव पेडगावच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. माझे वडील मेंढरं राखतात. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. घराला लागूनच मेंढरांचा वाडा होता आणि आम्ही भावंडं लोकर, लेंड्या आणि कोकरं यांच्या मधोमध वाढलो. दुसरीच्या वर्गात पहिल्याच दिवशी गुरुजींनी मला पुढच्या रांगेतून उठवलं. "मेंढरांचा वास येतो तुला. दाराशी बस, जरा वारा लागेल," असं ते हसत म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. चौथीपर्यंत मी दाराशी बसले. तिथून फळ्याची डावी बाजू तेवढी दिसायची. उजवीकडचं मी अंदाजानं लिहायची, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. अर्ध्यावरून पूर्ण ओळखता येतं याचा मला तेव्हापासून भारी गर्व आहे.

लग्न होऊन मी ताडकळसजवळच्या एका खेड्यात आले. तिथं मी अंगणवाडी चालवते. माहेरच्या गावचा ग्रुप निघाला तेव्हा चुलतभावानं मला त्यात घातलं. दिलेल्या लेकींपैकी मी एकटीच होते. गुरुजी ग्रुपचे प्रमुख. रोज सकाळी त्यांचा फुलांच्या चित्रासह लांबलचक मजकूर यायचा. कर्तव्य, संस्कार, राष्ट्र, सकारात्मक विचार. खाली पन्नास जणांचे जोडलेले हात. निवृत्त झाले तरी त्यांनी वर्ग काही सोडला नव्हता, फक्त आता सगळं गाव त्यांच्या बाकांवर बसलं होतं.

दुपारी खिचडी वाटून झाली, पोरं आपापल्या घरी गेली की मी रजिस्टर बाजूला सारायची आणि ग्रुप उघडायची. देशाचं राजकारण, राज्याचं राजकारण, कोणाचा नेता खरा, कोणाचा विकाऊ, यावर पुण्यात कामाला असलेली आमच्या गावची पोरं एकमेकांच्या अंगावर धावून जात. मीही पदर खोचून उतरायची. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायची. समोरच्यानं उत्तर लिहायला घेतलं की वर दिसतं ना, 'लिहीत आहे' म्हणून, ते बघताना मला गोफण फिरवल्यासारखं वाटायचं. नवरा म्हणायचा, "तुझा अंगठा झिजंल बघ एक दिवस."

गुरुजींचं एक ठरलेलं वाक्य होतं. सरकारला प्रश्न विचारण्याआधी आपण देशासाठी काय केलं ते सांगावं. मी एकदा लिहिलं, "प्रश्न विचारायला आधी पात्रता परीक्षा असते का गुरुजी? असेल तर पेपर कोण काढतं?" त्यावर ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नियम आला. ज्यांचं मतदान गावात नाही त्यांनी गावच्या कारभारात तोंड घालू नये. दिलेल्या लेकी गावच्या पाहुण्या असतात, पाहुण्यांनी पाहुण्यासारखं राहावं. मी विचारलं, "पुण्यात राहून तिकडच्या यादीत नाव घातलेले निम्मे मेंबर आहेत. तेही पाहुणे का?" चुलतभावानं खाली अंगठा उमटवला आणि दहा मिनिटांत पुसूनही टाकला.

असाच एकदा वाद पेटला तो जबाबदारीवर. अधिकारी, पुढारी कोणीच कशाचा जाब देत नाहीत असं कोणीतरी लिहिलं. मी लिहिलं, जबाबदारी कशाला म्हणतात ते आमच्या आप्पांकडून शिका. कापणी झाली की शेतकरी आप्पांना बोलावतात, मेंढरं आठ-आठ दिवस वावरात बसवतात. लेंड्यांचं खत होतं आणि बदल्यात आप्पांना जवारी मिळते. परक्याच्या रानात शेकडो तोंडं घेऊन शिरायचं तर माणसाचा शब्द चोख लागतो. एका वर्षी वाटेनं जाताना मेंढरांनी कडेचा हरभरा खाल्ला. मालकाला पत्ताही नव्हता. आप्पा संध्याकाळच्या आत त्याच्या दारात गेले आणि म्हणाले, "तुमच्या हरभऱ्याच्या पाच ओळी माझ्या जनावरानं खाल्ल्यात." तेव्हापासून तो माणूस दरवर्षी पहिला निरोप आप्पांना धाडतो. मी शेवटी लिहिलं, "खुर्चीवरचा एक तरी माणूस असा दाखवा." त्या दिवशी खूप अंगठे आले. माझी छाती फुगली. आप्पांचा शब्द मी असा ग्रुपवर पणाला लावला, तोही त्यांना न विचारता. आप्पांकडं तर बटणांचा फोन, तोही बहुतेक वेळा बंद.

आता हौदाची गोष्ट. गावाच्या ओढ्यापलीकडं गायरान आहे. मेंढरवाल्यांशिवाय तिकडं कोणी फिरकत नाही. तिथला जनावरांना पाणी प्यायचा जुना हौद फुटून गेला होता. ग्रामसभेत नवीन हौदाचा ठराव झाला, मंजुरीही आली. सरपंच म्हणजे गुरुजींचा धाकटा भाऊ. दोन उन्हाळे गेले, हौदाचा पत्ता नाही. तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी ग्रुपवर सरळ विचारलं, "गायरानातल्या हौदाचं काय झालं?"

गुरुजींनी संयमावर एक निबंध टाकला. मी पुन्हा विचारलं. त्यांनी नकारात्मकतेवर दुसरा टाकला. मी रोज दुपारी एकच ओळ लिहायला लागले. "हौदाचं काय झालं?" कोणी हसायचं, कोणी गप्प बसायचं. आठेक दिवसांनी गुरुजींनी फोटो टाकला. काठोकाठ भरलेला सिमेंटचा हौद आणि त्याला तोंड लावून पाणी पिणारी काळी मेंढरं. खाली मजकूर होता, "हा घ्या पुरावा. काम पूर्ण. फोटो वरही पाठवलेला आहे. काही जणांना शाळेतही दाराशी बसून बडबड करायची सवय होती. सवय जुनी आहे, इलाज नाही."

खाली आलेले हसरे चेहरे मी मोजायला लागले आणि मधेच सोडून दिलं. पस्तीस वर्षं झाली होती. माझ्या हाताखाली गावची लेकरं वाढली होती, मी बायांना, त्यांच्या सासवांना, साहेबांना तोंड देत होते, आणि एका ओळीत या माणसानं मला पुन्हा उचलून दाराशी बसवलं. त्या दिवशी मी जेवले नाही. ग्रुपवर मी लिहिलं, "चुकले. अभिनंदन." आणि दात ओठ खात तो फोटो मोठा करून बघत बसले.

बघता बघता मला मेंढरांच्या पाठीवरचा पट्टा दिसला. पिवळा. मेंढरं ओळखू यावीत म्हणून प्रत्येकजण आपापल्या कळपाला रंग लावतो, पण आमच्या भागात सगळे लाल नाही तर निळा लावतात. हा पिवळा माझ्या अंगणवाडीच्या दाराचा होता. रंगकाम झाल्यावर उरलेला डबा मी दिवाळीत आप्पांना दिला होता. तसा मोहरीसारखा पिवळा दुसऱ्या कोणाकडं नाही. फोटोतली मेंढरं आमचीच होती. आणि आमची मेंढरं तेव्हा झरी गावाकडं होती. दोन महिन्यांत ती गायरानाकडं फिरकलीच नव्हती. मग हा हौद गायरानातला असेल कसा?

रविवारी नवऱ्याला म्हटलं, गाडी काढा. झरीच्या बाजूची दोन गावं फिरलो. तिसऱ्या गावात शिरताच तो हौद समोर आला. तोच उडालेला कोपरा, तोच मागचा वाकडा निंब. तिथं भांडी घासणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "ह्यो व्हय? ह्यो तर आमच्या गावचा. माझं लगीन झालं तवापासून हाय." मी गुरुजींच्या फोटोसारखाच, त्याच कोनातून फोटो काढला, बाईला शेजारी उभं करून तिचं बोलणंही मोबाइलवर घेतलं. आप्पांची चौकशी केली तर मेंढरं कालच पुढं गेली म्हणाले. फोन लावला, बंद.

नवरा म्हणाला, "आप्पाला इचारून घे एकदा. दोन दिस थांब."

"काय विचारायचं? कुणीतरी लांबून फोटो काढला असेल. आप्पांना त्याचा पत्ताही नसेल," मी म्हटलं.

त्यानं गाडीला किक मारली. मलाही थांबायचं नव्हतं. गुरुजींचं पंच्याहत्तरावं चार दिवसांवर आलं होतं. मारुतीच्या देवळासमोर मांडव, सत्कार, भाषणं असा सगळा घाट होता. माझा मुहूर्तही मी तोच धरला.

मधल्या एका दिवशी अंगणवाडीत हात धुण्याचा फोटो पाठवायचा होता. नळाला पाणी नव्हतं. मी पोरांना रांगेत उभं केलं, कोरडेच हात चोळायला लावले आणि फोटो पाठवून दिला. असं मी आधीही केलेलं होतं. फोटो गेला की काम झालं, नाही गेला तर केलेलंही काम झालेलं नसतं. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. डोक्यात फक्त मांडव होता.

सत्काराच्या दिवशी ग्रुपवर शुभेच्छांचा पूर आला. चुलतभाऊ मांडवातून फोटो टाकत होता. गुरुजी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात हार. गुरुजींच्या खांद्यावर शाल पडली तो फोटो आला आणि मी माझे दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून सोडले. पाठोपाठ त्या बाईचं बोलणं. खाली एकच ओळ, "गुरुजी, हौदाचं काय झालं?"

शुभेच्छा तिथंच थांबल्या. मी चहा केला, साखर जास्त घातली आणि सगळा पिऊन मग फोन हातात घेतला. चुलतभावानं कुजबुजत फोन केला. मांडवात एकेक जण खिशातून फोन काढून खाली बघायलाय, मग वर गुरुजींकडं बघायलाय. संस्कारांवर बोलता बोलता गुरुजी मधेच अडखळले, पाणी मागितलं आणि खाली बसले. मी त्याला तीनदा विचारलं, "खरंच अडखळले का?" माझ्या लग्नातसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता.

दिवस मावळायच्या आत गुरुजींचं उत्तर आलं. तोच फोटो होता, पण आता पूर्ण. आधी टाकताना त्यांनी त्याची उजवी बाजू कापली होती. उजवीकडं आप्पा उभे होते. डोक्याला धुवट पटका, हातात काठी, चेहऱ्यावर सणाला असतं तसं हसू. फोटो काढणाऱ्याकडं सरळ बघत होते.

गुरुजींनी लिहिलं होतं, "आम्हा वयस्कर माणसांचं गायरानापर्यंत जाणं होत नाही. ज्यांच्यासाठी हौद, त्यांनीच हौदाशी उभं राहून काम झाल्याचं दाखवलं. आम्ही विश्वास ठेवला, आमची फसवणूक झाली. जबाबदारी कोणाकडून शिकायची हे ताईंनी याच ग्रुपवर सांगितलं होतं. त्यांचाच हा फोटो. निर्णय गावानं करावा."

मी उत्तर लिहायला घेतलं. अर्ध्यावर आले तेव्हा खाली ओळ उमटली की मला ग्रुपमधून काढण्यात आलं आहे.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही आप्पांना शोधत गेलो. मेंढरं एका मोकळ्या रानात चरत होती आणि आप्पा बांधावर बसून एका लंगड्या कोकराच्या पायाला चिंधी बांधत होते. मला बघून त्यांना आनंदच झाला. मी पाणीही न पिता विचारलं, "आप्पा, तुमी त्या फोटोत कामून उभे ऱ्हायलात?"

"कोणत्या? हौदाच्या?" ते म्हणाले. "गुरुजीचा भाऊ गाडीवर आला व्हता की. म्हणला, तुझ्या लेकीनं गावात हौद मागितलाय. लय भांडायलीय. मंजूर बी हाय म्हणला, पर मेंढरं पाणी पितानाचा एक फोटू वर धाडावा लागतो. त्याबिगर काम सुरू व्हत न्हाई."

"पण हौद दुसऱ्याच गावचा!"

"मी इचारलं ना त्येला. म्हणला, नमुना म्हणून धाडायचा हाय. असा हौद पायजे म्हणून." आप्पांनी गाठ मारली, कोकरू सोडलं. "तू बी धाडतीस की पोरांचे फोटू रोज. मला वाटलं, सरकारचं काम असंच चालत आसंल. तू मागितला व्हतास हौद, माय. म्हणून मी पटका धुऊन बांधला."

नवरा तिथून उठून मेंढरांकडं गेला. मी बसून राहिले. रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. गुरुजींनी माझाच प्रश्न नेऊन माझ्या बापाच्या हातात दिला होता आणि त्यातूनच त्याचा फोटो काढला होता. आणि ती कापलेली बाजू उघडी करायला त्यांना भाग पाडलं होतं मी. मी आप्पांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "हरभऱ्याच्या मालकानं बी बघितला आसंल का गं त्यो फोटू?"

त्यानं बघितला होता. त्या वर्षी त्याचा निरोप आला नाही. आप्पा स्वतः गेले तर तो दारातूनच म्हणाला, "यंदा ऱ्हाऊ द्या आप्पा. पोरं न्हाई म्हणायलीत." पेडगावच्या बाजारात कोणी मागून हाक मारली, "ओ फोटूवाले!" आप्पा हसले आणि चालत राहिले, असं आईनं सांगितलं. पुढं ते बाजारालाच जाईनात. आणखी दोन वावरांची बोलावणी फिरली. मेंढरं ओढ्याच्या काठानं चारली जाऊ लागली.

मी गप्प बसणार नव्हतेच. पंचायत समितीत अर्ज दिला, सोबत सगळे फोटो, बाईचं बोलणं, गुरुजींनी आप्पांवर ढकललेला मजकूर. तीन वेळा जाऊन बसले. साहेबांना माझा चेहरा नकोसा झाला, तशी हालचाल झाली. पावसाळ्याच्या आधी, पंधरा-वीस दिवसांत, गायरानात खरा हौद उभा राहिला. आता पुन्हा फोटो हवा होता, जनावरं पाणी पितानाचा. जनावरं गावात ढीगभर आहेत. पण गुरुजींनी आप्पांनाच निरोप धाडला. तीच मेंढरं, तोच माणूस, नवा हौद. एकदा असा फोटो पडला की आधीचा विसरला जाईल, हा हिशेब मला बसल्या जागी कळला.

आप्पा म्हणाले, "जातो."

मी म्हटलं, "जा. पण मी पण येणार." मी त्यांना सगळं शिकवून ठेवलं. हौदापाशी उभं राहायचं, गुरुजींकडं बोट करायचं आणि मोठ्यानं सांगायचं, फोटो तुमच्या भावानं काढून नेला, नमुना म्हणाला होता. मी ते सगळं मोबाइलवर घेणार होते आणि चुलतभाऊ तिथल्या तिथं ग्रुपवर सोडणार होता. पुण्यापर्यंत जायला हवं होतं. आप्पा मान हलवत होते. मला वाटलं, पाठ झालं.

सकाळी दहाच्या सुमाराला गायरानात पंचवीस-तीस माणसं जमली होती. गुरुजी, त्यांचा भाऊ, ग्रामपंचायतीचे मेंबर, तमाशा बघायला आलेले रिकामटेकडे. हरभऱ्याचा मालकही होता, मागं. हौदाला हळदकुंकू, नारळ फोडलेला. ऊन तापलं होतं. ओढ्याच्या बाजूनं आमची मेंढरं आली, पाण्याच्या वासानं ओढ घेणारी. सगळ्यांचे फोन वर झाले. आप्पा पुढं झाले आणि काठी आडवी धरून हौदाच्या आणि मेंढरांच्या मधे उभे राहिले. कुत्र्यानं बाजू धरली. मेंढरं थबकली, बे बे करायला लागली.

"फोन खिशात घाला," आप्पा म्हणाले. "मंग मेंढरं येतील."

गुरुजींचा भाऊ हसला. "आप्पा, फोटूसाठीच तर बलावलंय तुमाला."

"फोटू एकदा दिलाय तुमाला," आप्पा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "आता पाणी बगा."

गुरुजी म्हणाले, "अहो, नियम आहे तो. पुरावा लागतो."

"पुरावा काय कराचाय गुरुजी? ही जित्ती माणसं हायेत की एवढी. डोळे हायेत त्येंला." आप्पांनी काठी हलवली नाही. "माझी मेंढरं तान्हेली हायेत. कवर उभी करता?"

पहिला फोन खिशात घातला हरभऱ्याच्या मालकानं. मग एकेक. भावानं घातला. गुरुजींनी सगळ्यांच्या शेवटी. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात तो जाताना बघून मला असा काही आनंद झाला की काय सांगू. पस्तीस वर्षांनी त्यांना कोणीतरी वर्गासमोर उभं करून सांगितलं होतं, हे ठेव, आणि त्यांनी ठेवलं होतं. हे तर मी शिकवलेल्यापेक्षा भारी होतं. मी पदराआडून सगळं घेत होते. गुरुजींचा पडलेला चेहरा, आडवी काठी, खाली गेलेल्या माना, सगळं. संध्याकाळपर्यंत हे पुण्यात जाणार होतं. फोटूवाले म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या घरात जाणार होतं.

आप्पा अजून काठी खाली घेत नव्हते. मला कळेना, आता कशाची वाट बघायलेत. मग ते माझ्याकडं वळले.

"तू बी," ते म्हणाले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. गुरुजीसुद्धा. मी म्हटलं, "आप्पा, मी तुमच्यासाठीच..."

"ठेव माय. मेंढरं तान्हेली हायेत."

मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला. तेव्हा कुठं आप्पांनी काठी खाली घेतली आणि जीभ टाळूला लावून लांबलचक शीळ घातली, तशी मेंढरं हौदावर तुटून पडली. पाण्याला लागलेल्या शेकडो तोंडांचा आवाज तेवढा येत होता. हरभऱ्याचा मालक पुढं येऊन आप्पांजवळ उभा राहिला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, कारण मी लांब होते.

नंतर गुरुजींनी कोणाच्या तरी म्हशी नेऊन फोटो पाठवलाच असेल. मला पुन्हा ग्रुपमध्ये कोणी घेतलं नाही, मीही मागे लागले नाही. गुरुजींना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही, आणि ते हे वाचतील या आशेनंच मी लिहायला बसले होते. पण लिहिताना डोळ्यांपुढं येते ती त्यांची खाली गेलेली मान नव्हे. आप्पांनी सांगितलं म्हणून फोन खाली ठेवणाऱ्या माणसांची ती रांग येते. तिच्यात सगळ्यात शेवटी फोन ठेवणारे गुरुजी नव्हते. त्यांच्यानंतर मी होते.